सरासरी खर्चाचा नीचतम बिंदू कलनशास्त्राने कसा शोधावा

एखाद्या वस्तूचे किती नग तयार केले म्हणजे नगामागे पडणारा खर्च सर्वांत कमी होईल, हा व्यवस्थापकीय अर्थशास्त्रात वारंवार येणारा प्रश्न आहे, आणि त्याचे परीक्षेतले उत्तर एका ओळीचे आहे: सरासरी खर्चाच्या फलनाचा अवकलज काढावा, तो शून्याबरोबर मांडावा आणि समीकरण सोडवावे. ही ओळ बरोबर आहे, पण अपुरी आहे. अवकलज काढणे ही या सगळ्यातली सर्वांत सोपी पायरी असते. चुका होतात त्या तिच्या आधी, म्हणजे खर्चाचे फलन मांडताना, आणि तिच्यानंतर, म्हणजे आलेल्या उत्तराचा अर्थ लावताना. त्यामुळे पुढील विवेचनात नियमांपेक्षा त्यांच्या मागच्यापुढच्या गोष्टींना अधिक जागा दिली आहे. वाचकाला घातांकाच्या पदाचा अवकलज काढता येतो, एवढे गृहीत धरले आहे.

सुरुवात एकूण खर्चापासून

सरासरी खर्च थेट मांडण्याचा मोह टाळावा आणि आधी एकूण खर्चाचे फलन लिहावे. उत्पादनाच्या नगांना ‘उ’ आणि एकूण खर्चाला ‘ख’ म्हणू. एकूण खर्चाचे दोन भाग असतात. जागेचे भाडे, विम्याचा हप्ता, पगारी कर्मचाऱ्यांचे वेतन असा जो खर्च एकही नग तयार झाला नाही तरी करावाच लागतो, तो स्थिर खर्च; आणि कच्चा माल, वीज, तासावरची मजुरी असा जो उत्पादनाबरोबर वाढतो, तो बदलता खर्च. दोन्ही भाग एकाच कालावधीचे असले पाहिजेत. भाडे महिन्याचे आणि उत्पादन आठवड्याचे घेतले, तर पुढचे सर्व गणित निर्दोष असूनही उत्तर निरुपयोगी ठरते, आणि ही चूक आकडे पाहून सहज लक्षातही येत नाही. शिवाय अर्थशास्त्रातील खर्चात संधी खर्चही धरायचा असतो. मालकाने स्वतःची इमारत वापरली म्हणून तिचे भाडे शून्य होत नाही, कारण ती दुसऱ्याला दिली असती तर भाडे मिळालेच असते.

बदलता खर्च बहुधा उत्पादनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. यंत्रांवर ताण वाढला की जादा वेळेचा मोबदला द्यावा लागतो, बिघाड वाढतात, माल अधिक वाया जातो. हा वाढता ताण दाखवण्यासाठी सर्वांत साधा उपाय म्हणजे फलनात वर्गाचे एक पद घालणे. उदाहरणादाखल पुढील फलन घेऊ. खर्चाचे आकडे कोणत्याही चलनातले समजावेत आणि कालावधी एक आठवड्याचा धरावा.

ख = २००० + ४०उ + ०.२उ²

यात २००० हा स्थिर खर्च आहे, ४० हा प्रत्येक नगाचा मूळ बदलता खर्च आहे, आणि ०.२उ² हा वाढत्या ताणाचा खर्च आहे.

अवकलज आणि पहिले उत्तर

एकूण खर्चाला उत्पादनाने भागले की सरासरी खर्च मिळतो. त्याला ‘स’ म्हणू.

स = २०००/उ + ४० + ०.२उ

या तीन पदांकडे अवकलज काढण्यापूर्वी नीट पाहावे, कारण उत्तराचे स्वरूप येथेच दिसते. उत्पादन वाढले की पहिले पद घटते, कारण तोच स्थिर खर्च अधिक नगांवर विभागला जातो. दुसरे पद जागचे हलत नाही. तिसरे पद वाढत जाते. घटणारे आणि वाढणारे पद यांच्या ओढाताणीतून सरासरी खर्चाच्या वक्राला इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा आकार येतो आणि त्याचा तळ आपल्याला हवा असतो. तळाशी वक्राचा उतार शून्य असतो. म्हणून अवकलज काढून तो शून्य धरावा:

स′ = −२०००/उ² + ०.२ = ०

यावरून उ² = २०००/०.२ = १०,०००, आणि उ = १००. ऋण वर्गमूळ सोडून द्यावे, कारण ऋण उत्पादनाला अर्थ नाही. शंभर नगांना सरासरी खर्च २० + ४० + २० = ८० येतो.

येथे दोन गोष्टी टिपून ठेवण्यासारख्या आहेत. तळाशी घटणारे पद आणि वाढणारे पद दोन्ही वीस-वीस, म्हणजे समान झाली आहेत. हा योगायोग नव्हे. या आकाराच्या प्रत्येक फलनात तसेच होते, आणि हिशेब तपासण्याची ती झटपट खूण आहे. दुसरी गोष्ट अशी की, ४० हा आकडा उत्पादनाच्या उत्तरात, म्हणजे शंभर नग काढताना, कोठेच आला नाही. स्थिर खर्चाला ‘थ’ आणि वर्गपदाच्या गुणकाला ‘ग’ म्हटले, तर नीचतम सरासरी खर्चाचे उत्पादन √(थ/ग) एवढे असते. कच्चा माल नगामागे पाचने महागला, तर सरासरी खर्चाचा संपूर्ण वक्र पाचने वर सरकतो, पण त्याचा तळ शंभर नगांवरच राहतो. नगामागे ठरावीक कर लागला तरी तसेच होते. याउलट भाडे वाढले तर तळ उजवीकडे सरकतो. स्थिर खर्च चौपट झाला तर हे उत्पादन दुप्पट होते. कोणती दरवाढ उत्पादनाच्या नियोजनात बदल मागते आणि कोणती फक्त खर्चाच्या अंदाजपत्रकात, हे या एका सूत्रातून व्यवस्थापकाला कळते.

मालाची मागणी एका वेळी किती नगांची नोंदवावी, या प्रश्नाचे जे सूत्र अभियंते फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडले, तेही याच घडणीचे आहे. त्यात मागणी नोंदवण्याचा खर्च हे घटणारे पद असते आणि माल साठवण्याचा खर्च हे वाढणारे, आणि उत्तर वर्गमुळातच येते.

सीमांत खर्चाशी असलेले नाते

वरचे उत्तर एका विशिष्ट फलनाचे होते. फलन कोणतेही असले तरी लागू पडणारा नियम काढायचा, तर भागाकाराचा अवकलज घ्यावा. स = ख/उ असल्यामुळे

स′ = (उ·ख′ − ख)/उ² = (ख′ − स)/उ

यातील ख′ म्हणजे सीमांत खर्च, अर्थात आणखी एक नग तयार करण्यासाठी एकूण खर्चात पडणारी भर. सरासरी खर्चाचा उतार धन की ऋण, हे केवळ सीमांत खर्च सरासरीच्या वर आहे की खाली यावर ठरते. सरासरी ५० गुण असलेल्या वर्गात ४० गुणांचा विद्यार्थी आला तर सरासरी खाली येते आणि ६० गुणांचा आला तर वर जाते, तेच येथे घडते. म्हणून सरासरी खर्चाच्या तळाशी सीमांत खर्च आणि सरासरी खर्च समान असतात. आपल्या उदाहरणात सीमांत खर्च ४० + ०.४उ आहे, शंभर नगांना तो ८० येतो, आणि सरासरी खर्चही ८० आहे. पडताळणी झाली.

उतार शून्य असणे ही केवळ आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे, कारण शिखरावरही उतार शून्यच असतो. म्हणून दुसरा अवकलज तपासावा. आपल्या उदाहरणात स″ = ४०००/उ³ आहे आणि उत्पादन धन असेतोवर तो धनच राहतो, त्यामुळे सापडलेला बिंदू तळच आहे, आणि तोही एकमेव. वरच्या सामान्य सूत्राचा पुन्हा अवकलज घेतला, तर जेथे उतार शून्य आहे तेथे स″ = ख″/उ एवढेच उरते. याचा अर्थ असा की, सरासरी आणि सीमांत खर्च जेथे समान होतात तेथे सीमांत खर्च वाढता असला पाहिजे. ही अट लक्षात ठेवायला सोपी आहे आणि परीक्षेत वेळही वाचवते.

या नात्याचा प्रत्यक्ष व्यवहारात आणखी एक उपयोग आहे, ज्याकडे माझ्या मते पुरेसे लक्ष दिले जात नाही. संपूर्ण फलन हाती नसतानाही दिशा कळू शकते. उत्पादन एक टक्क्याने वाढवले असता एकूण खर्च एक टक्क्यापेक्षा कमी वाढत असेल, तर सीमांत खर्च सरासरीपेक्षा कमी आहे आणि आपण तळाच्या डावीकडे आहोत. अधिक वाढत असेल, तर उजवीकडे.

घन पद असलेले फलन

पाठ्यपुस्तकांत सीमांत खर्च आधी घटतो आणि मग वाढतो असे दाखवतात. त्यासाठी फलनात घन पद लागते. एखाद्या मोठ्या वस्तूचे उत्पादन आठवड्याला थोड्याच नगांचे होत असून तिचा खर्च असा आहे असे समजू:

ख = ८०० + १००उ − १२उ² + उ³

येथे सरासरी खर्च ८००/उ + १०० − १२उ + उ² होतो आणि त्याचा अवकलज −८००/उ² − १२ + २उ. तो शून्य धरून उ² ने गुणले आणि दोनने भागले की उ³ − ६उ² − ४०० = ० हे समीकरण मिळते. त्याचे अवयव (उ − १०)(उ² + ४उ + ४०) असे पडतात, आणि दुसऱ्या अवयवाला वास्तव मुळे नाहीत. उत्तर दहा नग. तेथे सरासरी खर्च ८० + १०० − १२० + १०० = १६० आहे, आणि सीमांत खर्च १०० − २४उ + ३उ² हाही १६० येतो. दुसरा अवकलज १६००/उ³ + २ धन आहे.

याच फलनात केवळ बदलत्या खर्चाची सरासरी, म्हणजे १०० − १२उ + उ², घेतली तर तिचा तळ सहा नगांवर पडतो आणि तेथे ती ६४ असते. सहा आणि दहा यांतील हे अंतर पुष्कळांना गोंधळात टाकते. सहा नगांनंतर बदलता खर्च नगामागे वाढू लागतो हे खरे, पण विभागला जाणारा स्थिर खर्च त्याहून वेगाने घटत असतो, म्हणून एकूण सरासरी दहा नगांपर्यंत उतरतच राहते. प्रश्नात कोणती सरासरी विचारली आहे हे वाचून मगच अवकलज काढावा.

वरचे अवयव सुबक पडले ते आकडे तसे निवडले होते म्हणून. स्थिर खर्च ८०० ऐवजी १००० असता तर समीकरण उ³ − ६उ² − ५०० = ० झाले असते आणि त्याला पूर्णांकी मूळ नाही. अशा वेळी न्यूटनची पद्धत वापरावी: एक अंदाज घ्यावा, समीकरणाच्या डाव्या बाजूच्या किमतीला तिच्या अवकलजाने भागावे आणि आलेली संख्या अंदाजातून वजा करावी. दहापासून सुरुवात केली तर डावी बाजू −१०० आणि तिचा अवकलज १८० आहे, म्हणून पुढचा अंदाज १०.५६, तीच कृती पुन्हा केली की १०.५२ मिळतो आणि पुढे दुसऱ्या दशांशापर्यंत फरक पडत नाही. नग अपूर्णांकात तयार होत नसतील, तर दोन्ही शेजारचे पूर्णांक मूळ फलनात घालून पाहावेत. दहा नगांना सरासरी खर्च १८० येतो आणि अकरा नगांना सुमारे १७९.९१, फरक नगण्य आहे, पण अकरा सरस. केवळ जवळचा पूर्णांक घेण्याची सवय बहुतेक वेळा निभावते, मात्र वक्र दोन्ही बाजूंना सारखा नसल्यामुळे ती नेहमीच निभावेल असे नाही.

अवकलज जेथे उत्तर देत नाही

स्थिर खर्च २००० आणि बदलता खर्च नगामागे नेमका ४० असेल, तर सरासरी खर्च २०००/उ + ४० होतो. त्याचा अवकलज −२०००/उ² कधीच शून्य होत नाही. सरासरी खर्च घटतच राहतो. येथे समीकरण सोडवत बसण्यात अर्थ नाही. नीचतम सरासरी खर्च क्षमतेच्या मर्यादेवर, म्हणजे जास्तीत जास्त शक्य असलेल्या उत्पादनावर मिळतो. उलट, स्थिर खर्च मुळीच नसेल आणि खर्च ४०उ + ०.२उ² असेल, तर सरासरी खर्च पहिल्या नगापासूनच वाढत जातो आणि तळ असा सापडतच नाही.

मर्यादा असली की पहिल्या उदाहरणातही उत्तर बदलते. यंत्राची क्षमता आठवड्याला ८० नगांचीच असेल, तर शंभर हा आकडा कागदावरच राहतो. ८० पर्यंत उतार ऋण आहे, म्हणून उत्तर ८० नग आणि सरासरी खर्च २५ + ४० + १६ = ८१. आता एकूण क्षमता २०० नगांपर्यंत नेणारे दुसरे यंत्र घेतल्यास खर्च ४००० + ४०उ + ०.१उ² होईल असे समजू. ताण निम्म्याने कमी झाला, पण स्थिर खर्च दुप्पट झाला. या नव्या फलनाचा तळ २०० नगांवर आहे आणि तेथे सरासरी खर्च ८०. दोन यंत्रांच्या सीमेवर खर्चाने उडी घेतल्यामुळे तेथे अवकलज अस्तित्वातच नसतो. म्हणून प्रत्येक तुकड्याचा तळ स्वतंत्र काढून त्यांची तुलना करावी लागते. ८१ वरून ८० वर येण्यासाठी उत्पादन अडीचपट करावे लागेल, आणि शंभरच नग विकले जाणार असतील तर दुसऱ्या यंत्रासह सरासरी खर्च ९० पडेल. अशा वेळी यंत्र घेण्याचा निर्णय सरासरी खर्चाच्या तळावर सोडून चालत नाही.

यंत्रांची संख्या व आकार हवा तसा बदलता येतो असा दीर्घकाळ धरला, की प्रत्येक आकाराचा एक अल्पकालीन, म्हणजे तो आकार कायम धरून काढलेला, सरासरी खर्चाचा वक्र मिळतो आणि त्या सर्वांना खालून स्पर्श करत जाणारा दीर्घकालीन वक्र तयार होतो. अर्थशास्त्रज्ञ जेकब वायनर यांच्या १९३१ च्या लेखाची या संदर्भातील हकिकत प्रसिद्ध आहे. दीर्घकालीन वक्र प्रत्येक अल्पकालीन वक्राच्या तळातून जावा आणि तरीही त्यांच्यापैकी कोणत्याही वक्राच्या वर जाऊ नये, अशी आकृती त्यांना हवी होती. आकृत्या काढून देणारे गणिती वाँग यांनी ती काढणे अशक्य असल्याचे सांगितले, आणि वाँग यांचेच बरोबर होते. कारण एका ओळीचे आहे. स्पर्शबिंदूपाशी दोन्ही वक्रांचा उतार समान असतो, आणि दीर्घकालीन वक्र उतरता असेल तर तेथे अल्पकालीन वक्राचा उतारही ऋण असतो, म्हणजे तो बिंदू त्याचा तळ असू शकत नाही.

नीचतम खर्च म्हणजे कमाल नफा नव्हे

सर्वांत महागडी चूक येथे होते. पहिल्याच फलनाकडे परत जाऊ आणि बाजारातील किंमत नगाला १०० असून ती आपल्या उत्पादनाने बदलत नाही असे धरू. शंभर नगांना नगामागे नफा २० आणि एकूण नफा २००० होतो. पण एकशेएकावा नग तयार करायला सुमारे ८० खर्च येतो आणि तो १०० ला विकला जातो, मग थांबायचे कशासाठी? नफा कमाल होतो तो सीमांत खर्च किमतीएवढा झाला म्हणजे: ४० + ०.४उ = १००, म्हणून उ = १५०. तेथे सरासरी खर्च ८३.३३ पर्यंत वाढलेला असतो आणि तरी एकूण नफा २५०० असतो. सरासरी खर्चाच्या तळाला चिकटून राहिल्याने ५०० चा नफा हातचा गेला असता.

किंमत ८० असेल तेव्हाच दोन्ही उत्तरे एक होतात, आणि नफा शून्य असतो. किंमत ७० वर आली तर सीमांत खर्चाच्या अटीने ७५ नग येतात आणि तोटा ८७५ होतो. शंभर नग काढले असते तर तो १००० झाला असता, आणि कारखाना बंद ठेवला असता तर २०००. तळाच्या आकड्याचा खरा उपयोग असा आहे की, ८० च्या खाली किंमत गेली तर कोणत्याही उत्पादनाला नफा होणार नाही, हे तो आधीच सांगतो. तो किमतीची पायरी दाखवतो, उत्पादनाचे लक्ष्य नव्हे. नगामागे खर्चावर जिची कामगिरी मोजली जाते अशा सेवेसारख्या ठिकाणी मात्र तळाचे उत्पादन हेच उद्दिष्ट असू शकते.

फलन आकड्यांतून काढताना

प्रत्यक्षात कोणी २००० + ४०उ + ०.२उ² असे लिहून हातात देत नाही. मागील काही काळाच्या नोंदींवरून, दरवाढीचा परिणाम वजा करून, एकूण खर्चाचे फलन समाश्रयणाने, म्हणजे नोंदींना सर्वांत जवळून जुळणारा वक्र शोधण्याच्या सांख्यिकी पद्धतीने, बसवावे लागते. वर्गपदाचा गुणक सर्वांत कमी खात्रीचा असतो, आणि नेमका तोच उत्तर ठरवतो. खरा गुणक ०.२ ऐवजी ०.१५ असेल, तर तळ शंभरावरून सुमारे ११५ नगांवर जातो. यात दिलासा असा की, वक्र तळाशी बराच सपाट असतो. तेव्हाही शंभर नगच काढले तर सरासरी खर्च ७५ पडेल, जेव्हा नीचतम सुमारे ७४.६४ असेल. मूळ फलनात तर ८० नगांपासून १२५ नगांपर्यंत कोठेही राहिले तरी सरासरी खर्च ८१ च्या वर जात नाही. म्हणून वरिष्ठांना एकच आकडा देण्यापेक्षा असा पट्टा द्यावा, म्हणजे विक्री आणि मनुष्यबळ पाहून त्यातले सोयीचे उत्पादन निवडता येते.

नोंदींच्या कक्षेबाहेरचा तळ मात्र संशयानेच पाहावा. आजवरचे उत्पादन ६० ते ९० नगांच्या दरम्यानच राहिले असेल आणि सूत्र तळ शंभरावर दाखवत असेल, तर शंभरापाशी काय होते याचा एकही पुरावा हाती नाही. अशा वेळी अहवालात शंभर हा आकडा न लिहिता, ९० नगांपर्यंत सरासरी खर्च घटत असल्याचे दिसते, एवढेच लिहावे आणि शक्य असल्यास काही आठवडे ९५ नग काढून त्यांच्या खर्चाची स्वतंत्र नोंद ठेवावी.